सुटे भाग आणि झाकलेली पोथी

घरातील यंत्र बंद पडले की ते दुरुस्त होईल काय, हा प्रश्न आता आपल्या घरांत फारसा विचारला जात नाही. विचारला जातो तो दुसराच : जुने देऊन नवे घेतले तर सूट किती मिळेल? बडोद्याच्या ज्या घरांनी पितळेची पातेली कल्हई करकरून तीन पिढ्या वापरली, तंबोऱ्याचा भोपळा तडकला तर तो सांधून घेतला, त्याच घरांतून आज सात-आठ वर्षांचे वॉशिंग मशीन एका रबरी पट्ट्यापायी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. या गोष्टीचा थोडा विचार व्हावा, म्हणून हे चार शब्द.

वस्तुतः हे यंत्र वाटते तितके गूढ नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत असलेले दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन घ्या. त्यात दोन मोटारी असतात. एक बेल्टच्या साहाय्याने धुण्याच्या टबातील चकती उलटसुलट फिरविते, दुसरी पिळण्याची टोपली गरगर फिरविते. दोहोंना वेळेचा हिशेब देणारे दोन टायमर, मोटारीला सुरुवातीची गती देणारे कपॅसिटर, झाकण उघडताच टोपली थांबविणारा ब्रेक आणि पाणी सोडणारी रबरी झडप. एवढाच काय तो संसार. यांतील बहुतेक भाग सुटे निघतात आणि सुटे बदलता येतात. संपूर्ण यंत्र म्हातारे होत नाही. त्यातला एखादा भाग झिजतो.

गाणे शिकविणाऱ्याने यंत्राविषयी बोलावे, हे कोणास चमत्कारिक वाटेल. पण बिघाड ओळखण्याचे पहिले साधन कान हेच आहे. मोटार नुसती गुणगुणते आणि टोपली हलत नाही, तर कपॅसिटर गेला असेल, ब्रेक सुटत नसेल, किंवा टोपली आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये एखादा पायमोजा अडकला असेल. चकती फिरताना किंचाळल्यासारखा आवाज येतो, तर बेल्ट सैल झाला आहे. वेगाबरोबर घरघर वाढत जाते, तर बेअरिंगकडे पाहावे. धडधड होते, तर बहुधा कपडे एका बाजूस गोळा झाले आहेत किंवा मशीनचे पाय समपातळीत नाहीत. ज्याला तबल्याची गाब उतरलेली ऐकू येते, त्याला हेही ऐकू येईल. आणि ज्या गृहिणीने ते मशीन रोज ऐकले आहे, तिला तर मिस्त्रीपेक्षा आधी कळेल.

काही कामे घरच्या घरी निर्वेध होतात. मशीन पाणी घेत नसेल तर नळ बंद करून, प्लग काढून पाण्याची नळी सोडवावी. आत शिरणाऱ्या तोंडाशी बारीक जाळी असते. तीत रेती साचते, ती धुतली की काम झाले. धाग्यांची पिशवी आणि पाणी सोडणारी नळी साफ ठेवावी. बेल्ट बदलणे हे पाने चालविता येणाऱ्या कोणाही माणसाचे काम आहे; जुन्या बेल्टवर क्रमांक छापलेला असतो, तोच क्रमांक दुकानात मागावा. नजरेच्या अंदाजाने आणलेला बेल्ट एक तर घसरतो, नाही तर बेअरिंग खातो.

परंतु मर्यादा ओळखणे हाही शहाणपणाचाच भाग आहे. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते. ओल्या मोरीत, अर्थिंग नसलेल्या जोडणीवर उघड्या तारांशी खेळणे हे साहस नव्हे, अविचार आहे. मोटार, कपॅसिटर आणि विजेची पाटी ही कामे जाणत्या मिस्त्रीचीच. घरच्याने एवढेच पाहावे, की कपॅसिटर बदलला तर मायक्रोफॅरडचा आकडा जुन्याइतकाच आहे आणि व्होल्टचा आकडा जुन्याहून कमी नाही.

इथवर सगळे सोपे आहे. अडते ते पुढे. मिस्त्री जाणता असतो, घरमालक राजी असतो, पण भाग मिळत नाही. 'हे मॉडेल बंद झाले', 'एकटा भाग येत नाही, सगळा संच घ्यावा लागेल', 'बाहेर उघडले तर वॉरंटी संपली', ही उत्तरे आपण सर्वांनीच ऐकली आहेत. यंत्राचा अंतर्गत नकाशा तर कंपनीच्या कपाटाबाहेर येतच नाही.

युरोपीय संघाने या प्रश्नाला कायद्याने हात घातला. मार्च 2021 पासून तेथे वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर किमान 10 वर्षे, मागणीपासून 15 कामाच्या दिवसांत पुरविणे उत्पादकावर बंधनकारक आहे. या नियमात एक विवेकही आहे : दार, रबरी सील, साबणाचा खण असे भाग कोणाही ग्राहकाला मिळाले पाहिजेत, मोटार, पंप, विजेची पाटी हे व्यावसायिक कारागिराला. म्हणजे सुरक्षिततेचे कारण पुढे करून सरसकट कुलूप घालण्याची आवश्यकता नाही. आपल्या केंद्र सरकारनेही जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संकेतस्थळ सुरू केले. पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु संकेतस्थळावर माहिती दिसणे आणि बेल्ट हातात पडणे, यांत अंतर आहे.

या प्रश्नावर बडोदेकरांनी बोलावे, याला कारण आहे. मौलाबक्षांनी 1886 मध्ये येथे गायनशाळा काढली, त्या काळी चीजा उस्तादांच्या छातीत बंद असत. शागीर्दाने वर्षानुवर्षे सेवा करावी आणि अस्ताई मिळाली तरी अंतरा मिळेलच याची शाश्वती नसावी. मौलाबक्षांनी स्वरलेखन केले, विद्या वर्गात आणली. चार वर्षांनी, 1890 मध्ये, सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापिले, आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली रंगकाम, यंत्रकाम यांचे शिक्षण सुरू झाले. दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. या दोन्ही संस्थांमागे विचार एकच होता : विद्या कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे, आणि हाताचे काम हलके नव्हे. आज यंत्राची पोथी झाकून ठेवणारा कारखानदार हा त्या जुन्या उस्तादाचाच नवा अवतार आहे. फरक इतकाच, की उस्ताद निदान स्वतः गात तरी असे.

दोष एकट्या कारखानदाराचाही नाही. आपल्या पांढरपेशा घरांत मुलाने पाना हाती घेतला तर अजूनही कपाळावर आठी येते. मिस्त्रीला पाणी विचारतो, पण त्याच्या बुद्धीची किंमत करताना दहा रुपयांवरून घासाघीस करतो. आणि नव्या मशीनच्या हप्त्यांवर मात्र निमूटपणे सही करतो. मशीन चार दिवस बंद राहिले, की धुण्याचा भार घरातल्या बाईच्या किंवा मोलकरणीच्या मनगटावर जातो, हेही कोणी जमेस धरीत नाही.

तेव्हा वाचकांस सुचवावेसे वाटते ते एवढेच. नवे यंत्र घेताना किती कार्यक्रम आहेत हे विचारण्याआधी, याचे सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि या शहरात कोठे मिळतील, हे विचारा. आणि उत्तर लेखी मागा. माहितीपुस्तिका फेकू नका. आपल्या गल्लीतला जाणता मिस्त्री सांभाळा, त्याच्या हाताखाली घरच्या मुलामुलींना तासभर उभे राहू द्या. दहा घरांनी हा प्रश्न विचारला तर दुकानदार कंपनीला विचारील; दहा दुकानदारांनी विचारला तर कंपनीला उत्तर द्यावे लागेल.