बाईची ही तक्रार केसपेपरवर का येत नाही?



दवाखान्यात बाईच्या तक्रारी ठरलेल्या असतात. कंबर दुखते, अंगावर पांढरं जातं, चक्कर येते, झोप लागत नाही. मोलगीच्या पाड्यांवर बैठक घेतली तरी आधी हेच निघतं. मग पुरुष मंडळी उठून गेली की कोणीतरी हळूच विचारते, नवऱ्याजवळ गेलं तरी मला शेवटपर्यंत सुख का मिळत नाही? माझ्यात काही खोट आहे का?

खोट नाही. पण त्रास खरा आहे, आणि त्याची नोंद पांढऱ्या पाण्यासारखीच केसपेपरवर व्हायला हवी, असं माझं मत आहे.

संबंधाच्या वेळी सुख वाढत जाऊन टोकाला पोचतं, योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळतात-सुटतात आणि मग अंग सैल पडतं. याला कामतृप्ती म्हणतात, डॉक्टर ऑरगॅझम म्हणतात. ती बाईलाही होते, हेच कित्येक घरांत ठाऊक नाही. पुरुषाचं झालं की काम संपलं, असा हिशेब. मोलगीकडे भिली आणि पावरी बोलणाऱ्या बायकांपुढे आमचे पुस्तकी शब्द चालत नाहीत. आपल्या वस्त्यांत मराठी शब्द आहेत, पण ते सगळे शिव्यांत वापरून झालेत. मग बाईने सांगायचं कशात?

थोडं शरीराबद्दल. लघवीच्या जागेच्या वर, जिथे आतले दोन ओठ एकत्र येतात, तिथे वाटाण्याएवढा उंचवटा असतो. त्याला शिश्निका म्हणतात. बाईचं सुख मुख्यतः तिथे आहे. दिसतो तो फक्त शेंडा, बाकीचा भाग आत योनीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. हेलन ओकॉनेल यांनी १९९८ साली त्याची नीट रचना मांडली, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर जवळपास तीस वर्षांनी! नर्सिंगला आम्ही गर्भाशयाच्या आकृत्या काढून वह्या भरल्या, शिश्निकेला एक ओळही धड नव्हती. नुसत्या आत जाण्याने बहुतेक बायकांना कामतृप्ती होत नाही. तो आजार नाही, शरीराची घडणच तशी आहे. एवढं कळलं तरी अर्ध्या बायकांच्या मनावरचं ओझं उतरतं.

उरलेल्यांचं काय? आधी एक बघावं: कधीच झालं नाही, की पूर्वी व्हायचं आणि आता थांबलं? थांबलं असेल तर कारण शोधावं लागतं. साखरेचा आजार, पाळी जाताना येणारा कोरडेपणा, बाळंतपणातली जखम, बीजांडकोश काढलेले असणं. (२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं गाजलं, पण त्यानंतर त्यांच्या संसारसुखाचं काय झालं हे कोणी विचारलं?) मन उदास असतं तेव्हाही हे सुख हरवतं, आणि उदासीवरच्या फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम अशा काही गोळ्यांनीही ते लांबतं किंवा बंद होतं. म्हणून गोळ्या स्वतःहून सोडू नका. डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात.

आणि काही कारणं कुठल्याच तपासणीत दिसत नाहीत. एका खोलीत सासू, पोरं आणि पातळ पडदा. दिवसभर मजुरी. पुन्हा दिवस जातील ही भीती. तोंडाला दारूचा वास. ज्या हाताने संध्याकाळी मारलं तोच हात रात्री अंगावर आला, तर शरीर बंदच होणार. तिथे उपाय बाईवर करायचा नसतो.

या त्रासासाठी म्हणून मान्यता मिळालेली गोळी आजमितीला नाही. बाजारात ताकदीच्या नावाने बाटल्या विकतात, त्यावर पैसे घालवू नका. पारखलेला उपाय साधा आहे: एकांतात स्वतःच्या हाताने स्वतःचं अंग ओळखणं, कुठे बरं वाटतं ते शोधणं, आणि मग ते नवऱ्याला सांगणं. ज्यांना कधीच कामतृप्ती झाली नाही त्यांना याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. याने अशक्तपणा येत नाही, पापही लागत नाही. दुसरा उपाय मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७० साली मांडला. नवराबायकोने काही आठवडे संबंध ठेवायचाच नाही, फक्त आळीपाळीने एकमेकांना स्पर्श करायचा आणि काय आवडलं ते बोलायचं. घाई गेली की अंग मोकळं होतं. कोरडेपणा असेल तर मेडिकलमध्ये पाण्याचं वंगण मिळतं. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, रबर फाटतं.

नवऱ्याला घेतल्याशिवाय यातलं फारसं काही होत नाही, म्हणून हे पान भावांनीही वाचावं.

‘असलं मासिकात छापतात का,’ असं कोणी म्हणेल. र. धों. कर्वे १९२७ पासून मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांनी कुठली बाजू घेतली हे आपल्याला माहीत आहे. कोणी तिसरं शील पुढे करतात. ते मिथ्याचाराबद्दल आहे, नवराबायकोच्या सुखाबद्दल नाही.

दवाखान्यातल्या माझ्या भगिनींनाही सांगणं आहे. पाळी विचारता, पाळणा विचारता, तसाच हाही एक प्रश्न विचारा, पडदा ओढून आणि सासूला बाहेर बसवून. ‘संबंधाच्या वेळी दुखतं का, समाधान होतं का?’ एवढंच. तिला त्याचा त्रास वाटत नसेल तर तिथेच सोडा, कारण त्रास नसेल तर आजारही नाही.

डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या आणि त्रास कधीपासून आहे ते आठवून ठेवा. मन खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरात मारहाण असेल तर १८१. आमच्याकडे सातपुड्यात रेंज मिळायला टेकडीवर चढावं लागतं. पण टेकडीवर एकांत तरी मिळतो.