चाकू नऊ इंचापेक्षा लहान आहे, मग प्रश्न काय? प्रश्न तुमच्या खिशाचा आणि फोनचा आहे

दिवाळीच्या तोंडावर माझ्या मावसभावाने मला एक लिंक पाठवली. चामड्याचं म्यान, शिसवी मूठ, पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. खाली दोनच ओळी: "दादा, घेऊ का? नऊ इंचापेक्षा कमी आहे, म्हणजे लायसन्स लागत नाही ना?"

तो डोंबिवलीत राहतो, वय एकोणीस. हा छंद त्याला माझ्यामुळेच लागला. माझ्याकडे एका स्टीलच्या डब्यात सात चाकू आहेत. त्यातले चार घडीचे आणि तीन सरळ पात्याचे. मी त्याला म्हटलं, "थांब जरा." त्याचं लगेच उत्तर आलं, "अरे, रीलमध्ये सांगितलंय, लीगल आहे."

रीलमध्ये सांगितलेलं साफ खोटं नव्हतं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं ठाणे-कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितोय. मी वकील नाही. कायदा वाचून जे समजलं ते सांगतोय.

आधी छंदाबद्दल दोन शब्द

चाकू जमवणारा म्हटलं की लोक दचकतात. खरं तर यात बघण्यासारखं बरंच आहे. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनरने १८९७ मध्ये नोंदवलेला 'ऑफिसरचा चाकू' घ्या. आज आपण त्यालाच स्विस आर्मी नाइफ म्हणतो. त्याचं नेहमीचं पातं फक्त स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं, त्याला लॉक नसतं. फ्रान्सचा ओपिनेल १८९० पासूनचा. त्याला १९५५ मध्ये फिरणारी एक कडी आली. ती वळवली की पातं जागेवर अडकतं. इतका साधा उपाय, पण अजून तसाच टिकून आहे.

सरळ पात्याच्या चाकूत बघायची पहिली गोष्ट म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जातं का. ते मध्येच संपत असेल तर जोर लावल्यावर मूठ हलायला लागते. दुसरी गोष्ट पोलादाची. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं असं नाही. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असल्यामुळे ते उशिरा गंजतं, इतकंच. कार्बन पोलादाला धार सुंदर लागते, पण आपल्याकडच्या जुलैच्या हवेत ते दोन दिवसांत तांबूस डाग दाखवतं.

भावाने पाठवलेल्या त्या लाटांच्या नक्षीचंही तसंच. खऱ्या 'दमास्कस' पात्यात दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकत्र ठोकलेले असतात आणि ॲसिडमध्ये बुडवल्यावर ती नक्षी वर येते. स्वस्त पात्यांवर तीच नक्षी लेझरने वरवर कोरलेली असते. घासून पॉलिश केलं की ती गायब.

नऊ इंच आले कुठून?

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली, किंवा तशी बदलून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र. धारदार हत्यारं त्यात येतात. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणून स्वयंपाकघरातली विळी आणि कोकणातल्या वाडीतला कोयता मुळात शस्त्रांच्या यादीत बसत नाहीत.

नऊ इंच येतात ते शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत. तिथे तलवार, खंजीर, भाला यांच्या सोबतीने नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे. इथे लोक तीन चुका करतात.

पहिली चूक: 'किंवा' हा शब्द वाचत नाहीत. सहा इंचांचं पण अडीच इंच रुंद पातं असेल तर ते मर्यादेच्या बाहेर गेलं. सेंटिमीटरमध्ये या मर्यादा २२.८६ आणि ५.०८ होतात.

दुसरी चूक: खंजीर आणि चाकू एकच समजतात. यादीत खंजिराचं नाव वेगळं घेतलेलं आहे. दोन्ही बाजूंनी धार असलेलं, भोसकण्यासाठीच बनवलेलं पातं 'आठच इंचांचं आहे' म्हणून आपोआप सुटत नाही.

तिसरी चूक: हा आकडा अख्ख्या देशात एकच असेल असं मानतात. कायद्याचं कलम ४ केंद्र सरकारला ठरावीक भागासाठी ठरावीक शस्त्रांवर परवान्याची सक्ती करू देतं. शिवाय दिल्लीत १९८० पासून एक वेगळी अधिसूचना आहे. तिथे बटण दाबून किंवा स्प्रिंगने उघडणाऱ्या चाकूची मर्यादा ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी एवढीच आहे. म्हणजे दिल्लीच्या एखाद्या यूट्यूबरचा सल्ला डोंबिवलीत जसाच्या तसा चालेलच असं नाही, आणि डोंबिवलीचा दिल्लीत तर नाहीच.

ठाण्यातला दुसरा कायदा

पेपरमध्ये ठाणे-कल्याणच्या गुन्ह्यांच्या बातम्या वाचता ना? चाकू सापडल्याच्या बातमीत शेवटी बहुतेक वेळा दोन कायदे असतात: शस्त्र अधिनियम, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७(१) व १३५. रीलवाले पहिल्याबद्दल बोलतात. दुसऱ्याचं नावही कोणी घेत नाही.

कलम ३७ नुसार पोलीस आयुक्त मनाई आदेश काढू शकतात. हे आदेश सहसा पंधरवड्यापुरते असतात आणि सण, निवडणुका, मोर्चे, परीक्षा अशा निमित्ताने पुन्हा पुन्हा निघतात. ठाणे पोलीस आयुक्तालयाची हद्द ठाण्यापासून भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरपर्यंत आहे. त्यामुळे एक आदेश निघाला की हा सगळा पट्टा त्याखाली येऊ शकतो.

आता या कलमातली यादी बघा: शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, किंवा शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू. यात इंच नाहीत, सेंटिमीटर नाहीत आणि घरगुती वस्तूंना सूटही नाही. काठीसुद्धा चालत नाही, तिथे तुमचा घडीचा चाकू कुठून चालेल? कलम १३५ नुसार शिक्षा एक वर्षापर्यंतची कैद आणि दंड. न्यायालयाने खास कारण लेखी नोंदवलं नाही तर किमान चार महिने.

थोडक्यात, माझ्या डब्यातला साडेतीन इंचांचा चाकू घरात असताना छंद आहे. तोच चाकू मनाई आदेशाच्या काळात खिशात घालून मी कल्याण स्टेशनच्या पुलावर उभा राहिलो तर गुन्हा होऊ शकतो. चाकू तोच आहे, फक्त जागा आणि तारीख बदलली.

डोंगरात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. ठाण्याचं येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. 'कॅम्पिंग नाइफ' असं नाव देऊन विकलेला चाकू नेमका तिथेच नेता येत नाही.

यात फोनचा काय संबंध?

मे २०१८ मध्ये औरंगाबादमध्ये (आताचं छत्रपती संभाजीनगर) पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पकडले. जानेवारी २०१९ मध्ये डोंबिवलीत एका दुकानातून कल्याण गुन्हे शाखेने दीडशेहून जास्त हत्यारं जप्त केली. दोन्ही बातम्यांनंतर लोकांनी एकच प्रश्न विचारला: हे इतकं सहज मिळतं तरी कसं?

मिळतं, कारण विक्रीचं संकेतस्थळ बहुतेक वेळा स्वतः विकत नाही. ते विक्रेता आणि तुम्ही यांच्यामधला मध्यस्थ असतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ अशा मध्यस्थाला काही अटींवर संरक्षण देतं. वस्तूचं वर्णन विक्रेता लिहितो. 'किचन', 'कॅम्पिंग', 'शोपीस' असे शब्द टाकले की वस्तू यादीत राहते. त्यामुळे 'ॲपवर मिळतंय म्हणजे कायदेशीरच असणार' हा तर्क टिकत नाही. बटण दाबलं की जबाबदारी तुमच्याकडे येते, आणि ऑर्डर हिस्ट्रीत तुमचं नाव, पत्ता, तारीख कायम राहते.

मग येतो फीड. धार कशी लावायची याचे तीन व्हिडिओ मी पाहिले. चौथा व्हिडिओ 'टॅक्टिकल' चाकूचा आला, पाचवा वाघनखासारख्या वाकड्या पात्याचा आणि सहाव्यात एक मुलगा गाण्याच्या तालावर चाकू फिरवत होता. अल्गोरिदमला छंद आणि दहशत यातला फरक कळत नाही. माणूस कुठे थांबला, एवढंच त्याला कळतं. आणि माणूस भीतीपाशी थांबतोच.

इथेच पोरं फसतात. तलवारीने केक कापण्याचे आणि कोयता घेऊन चालण्याचे व्हिडिओ पोलिसांपर्यंत पोहोचले आणि गुन्हे दाखल झाले, अशा बातम्या आता नव्या नाहीत. रील म्हणजे तुम्ही स्वतः बनवलेला पुरावा. त्यात चेहरा आहे, आवाज आहे, मागे सोसायटीची पाटी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करणंही बंधनकारक आहे. कॅमेरा आता दोन्ही बाजूंना आहे.

रील उडवली तरी कोणीतरी स्क्रीन रेकॉर्ड केलेलं असतं. आणि 'अरे, मस्ती होती' हे वाक्य कॅप्शनमधल्या धमकीच्या डायलॉगपुढे फार लंगडं पडतं.

मग छंद सोडायचा?

अजिबात नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन या. तिथले जुने अडकित्ते बघा. सुपारी कातरायचं साधं घरगुती पातं, पण कारागिरांनी त्याला इतकी रूपं दिली की बघत राहावं. आपल्या घरांतही हे आहे. आजीची विळी, अडकित्ता, नारळ सोलायचा कोयता. धार लावणारा सायकलचं चाक फिरवत यायचा तेव्हा त्या ठिणग्या बघायला आम्ही जिना उतरून पळायचो. पात्याचं कौतुक आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही. मिरवण्यासाठी पातं, हे मात्र फीडने शिकवलं.

मी स्वतः काय पाळतो ते सांगतो:

- घेण्याआधी पात्याची लांबी आणि रुंदी दोन्ही बघतो. बऱ्याच ठिकाणी मुठीसकट लांबी दिलेली असते.
- दुधारी, बटणावर उघडणारं, काठीत लपवलेलं असलं काही घेत नाही.
- बिल जपून ठेवतो. विक्रेत्याचं नाव-पत्ता नसेल तर ऑर्डर करत नाही.
- चाकू घराबाहेर नेत नाही. धार घरीच दगडावर लावतो.
- ग्रुपवर विकायला काढत नाही. शस्त्रं बनवणं, विकणं, विक्रीसाठी ठेवणं यासाठी शस्त्र कायद्यात कलम ५ वेगळं आहे.
- फोटो काढतो तो टेबलावर ठेवलेल्या चाकूचा. हातात धरून, कोणाकडे रोखून कधीच नाही.
- पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवत नाही, चामडं ओल धरतं. पातं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात देतो. खोबरेल तेल कालांतराने चिकट होतं.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. बराच वेळ तो गप्प होता. मग हळूच म्हणाला, "दादा, दिवाळी पहाटेला फडके रोडवर सगळे जमतो ना, तिथे व्हिडिओ काढणार होतो. कुर्ता आणि कमरेला चाकू. मित्रांना सांगूनपण ठेवलं होतं."

फडके रोड, दिवाळीची पहाट, हजारो पोरं-पोरी, चोख बंदोबस्त, आणि याच्या कमरेला चाकू! त्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. ड्युटीवरच्या हवालदाराला ते कुठून माहीत असणार?

त्याने तो नक्षीवाला चाकू घेतला नाही. लाकडी मुठीचा, घडीचा, साधा एक घेतला. फडके रोडला तो कुर्ता घालून गेला आणि चाकू घरी कपाटात राहिला. परवा मेसेज आला: "दादा, पात्यावर बोटाचा डाग पडलाय, जात नाहीये. तेल कुठलं म्हणालेलास?"