क्रीम बिस्किटांचे पुडे



या आठवड्यात आम्हाला आमची स्वतःची एक चूक तुमच्यापुढे मांडायची आहे. पाहायला गेलो तर ती दोन बिस्किटांच्या पुड्यांएवढी आहे. पण तिच्यामुळे एक मुलगी तीन रविवार धर्मशिक्षणाच्या वर्गाला आली नाही, म्हणून ती लहान म्हणून सोडून देता येत नाही.

आम्ही म्हणजे वासोणा आणि सिल्वासा परिसरातल्या मुलांचा रविवारचा वर्ग घेणारे पाच स्वयंसेवक. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या चौदा मुलांनी पहिला ख्रिस्तप्रसाद स्वीकारला. पांढरे कपडे, हातात मेणबत्त्या, आजी-आजोबांच्या डोळ्यांत पाणी. तुम्ही सर्वांनी असे दिवस पाहिले आहेत. मिस्सानंतर सभागृहात सर्वांची एकत्र न्याहारी असते. प्रत्येक कुटुंबाने काहीतरी आणायचे, एका मोठ्या मेजावर ठेवायचे आणि सर्वांनी मिळून खायचे, अशी आमची पद्धत.

गेल्या वर्षी त्या मेजासाठी आम्ही नियम केला. पालकांच्या सभेत सांगितले, यंदा बेकरीचे नको, मैदा नको, पाकिटातले काहीच नको. घरी केलेले आणा, नाचणीचे, गुळाचे, पौष्टिक.

नियमामागचा हेतू चांगला होता आणि तो आजही आम्हाला चांगलाच वाटतो. आमच्या पाच जणांपैकी दोघांना मधुमेह आहे. मुलांच्या डब्यात रोज वेफर्स आणि केकचे पाकीट दिसते. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, मैद्यात त्याचा अंशही नाही. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर सरकारने जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली, ती हृदयाला घातक म्हणूनच. आपल्या मुलांच्या शरीराची काळजी घेणे हे विश्वासाचेच काम आहे.

आम्ही कृतीही सांगितली. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी ती पुन्हा देतो, कारण केक खरोखर चांगला होतो. नाचणीचे पीठ मंद आचेवर पाच मिनिटे परतावे म्हणजे कच्चा वास जातो. नाचणीत ग्लुटेन नसते, म्हणून निव्वळ नाचणीचा केक सुरी लावताच चुरतो. तेवढीच कणीक मिसळली की धरून राहतो. अशा दोन वाट्या पिठाला पाऊण वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी दही, अर्धी वाटीहून थोडे कमी तेल, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि लागेल तसे दूध. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाला मीठ पसरून त्यावर जाळी ठेवायची आणि शिटी व रबरी रिंग काढून मंद आचेवर चाळीस मिनिटे भाजायचे. फक्त गूळ घातला म्हणजे केक औषध झाला, असे मधुमेहींनी समजू नये. जागतिक आरोग्य संघटना दिवसाची वरची साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते, आणि त्या हिशेबातून गूळ सुटत नाही.

सभेत आम्ही अभिमानाने म्हणालो, ‘ओव्हन नसला तरी अडत नाही.’ चाळीस मिनिटांची मंद आच म्हणजे कुणाच्या तरी सिलिंडरचा गॅस आणि कुणाच्या तरी झोपेतली चाळीस मिनिटे, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आले नाही.

त्या रविवारी मेज सुंदर दिसत होते. नाचणीच्या कुकीज, खजुराचे लाडू, केळ्याचा केक, ज्वारीची शंकरपाळी. एक आई सर्वांत शेवटी आली. ती धाग्याच्या कंपनीत बारा तासांच्या पाळीत काम करते. रात्रपाळी करून खोलीवर गेली, मुलीला तयार केले, मिस्साला बसली, तिथे तिच्या डोळ्यांवर झोप स्पष्ट दिसत होती. तिने पिशवीतून क्रीम बिस्किटांचे दोन मोठे पुडे काढले आणि मेजावर ठेवले.

आम्ही तिला काही बोललो नाही. हसून ‘थँक्यू’ म्हटले. मग ती हात धुवायला गेली तेव्हा पुडे उचलून मेजाखालच्या खोक्यात ठेवले. ‘नियम सर्वांना सारखाच,’ आमच्यातले कुणीतरी हळूच म्हणाले. तिची मुलगी मेजापाशीच उभी होती. तिने पाहिले. थोड्या वेळापूर्वीच तिने ख्रिस्तशरीर स्वीकारले होते.

आता त्याच दिवसाचा दुसरा भाग, जो सांगायला आम्हाला अधिक जड जाते. वर्षभराचे काम पार पडले म्हणून आम्ही पाचही जण संध्याकाळी वापीला एका हॉटेलात जेवायला गेलो. बरेच दिवस डिमसम खायचे मनात होते. आपल्याकडे रस्त्यावर मिळणारे मोमो मूळचे तिबेट-नेपाळकडचे. डिमसम दक्षिण चीनमधल्या कँटनचे आणि हाँगकाँगचे. तिथल्या चहाघरांत चहासोबत हे लहान लहान पदार्थ बांबूच्या टोपल्यांत वाफाळत येतात. एका टोपलीत तीन-चार नगच असतात, कारण ते एकट्याने खायचे नसतातच. टोपली मेजाच्या मध्ये ठेवायची आणि वाटून घ्यायची. डिमसम या शब्दातल्या दोन चिनी अक्षरांचा अर्थ साधारण ‘हृदयाला स्पर्श’ असा लावतात. कुणी आपल्या पेल्यात चहा ओतला तर दोन बोटे मेजावर हलकेच वाजवून आभार मानायचे, असाही तिथला रिवाज आहे. तो आमच्यापैकी एकाला माहीत होता. मग आम्ही एकमेकांना चहा ओतत होतो आणि हसत हसत बोटे वाजवत होतो.

कोळंबी भरलेली पारदर्शक पारी गव्हाच्या आणि साबुदाण्याच्या निव्वळ स्टार्चची असते. मऊ, फुगलेला पांढरा बाव तर मैद्याचाच, वर साखर घातलेला. आम्ही सात टोपल्या संपवल्या. सकाळी मैद्याचा एक पुडा आमच्या मेजावर चालला नव्हता, हे त्या रात्री कुणालाही आठवले नाही.

इथे गैरसमज नको. बाहेर जेवायला जाणे पाप आहे किंवा डिमसम परदेशी म्हणून टाळावे, असे आमचे म्हणणे नाही. पाव तरी आपल्याकडे कुठून आला? पोर्तुगीजांबरोबर, आणि ते आपल्या या भागात 1783 पासून 1954 पर्यंत होते. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. आणि वाफेवर शिजवलेली भरलेली पारी तर मोदकात आणि पातोळीत आपल्या ओळखीचीच आहे. मित्रांनी एका मेजावर बसून वाटून खाल्ले, यात देवाला राग येण्यासारखे काही नाही. आमचा दोष एवढाच की सकाळी दुसऱ्यांसाठी एक माप होते आणि संध्याकाळी स्वतःसाठी दुसरे.

पुढचे तीन रविवार ती मुलगी आली नाही. चौथ्या आठवड्यात आम्ही दोघी तिच्या खोलीवर गेलो. दहा बाय दहाची भाड्याची खोली, एकच शेगडी. आईने बसवले, पाणी दिले आणि आम्ही नको नको म्हणत असताना जेवायला वाढले. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, बाजूला सुकटीची चटणी. आम्ही जिला नाचणी म्हणतो तिला खानवेलकडच्या डोंगरपट्टीत नागली म्हणतात. तिचे माहेर तिकडचेच.

भाकरी अप्रतिम होती. आम्ही तसे म्हटले आणि न राहवून विचारले, ‘अगं, मग त्या दिवशी नाचणीचंच काही का नाही आणलंस?’

ती आश्चर्याने आमच्याकडे पाहत राहिली. ‘ताई, नागली तर रोजचीच. लहानपणी दुसरं काही नव्हतंच. पोरीच्या सणाला देवाच्या घरी नागली कशी न्यायची? चांगलं काहीतरी न्यावं म्हणून बिस्किटं घेतली.’

त्यावर आम्हाला उत्तर सुचले नाही.

बंधू-भगिनींनो, जरा विचार करा. डोंगरउतारावर राब भाजायचा, पावसात कंबरेत वाकून रोपे लावायची आणि वर्षभर तीच भाकरी खायची, असे या भागातल्या वारली, कोकणा कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. तेव्हा तिला गरिबाचे धान्य म्हणून नाक मुरडणारे आपणच होतो. मग 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, नाचणीला ‘श्रीअन्न’ म्हणू लागले, तिच्या कुकीज सुंदर डब्यांत महाग विकल्या जाऊ लागल्या. हे चांगलेच झाले. पण त्या धान्यावर वाढलेल्या बाईलाच आम्ही नाचणीचे महत्त्व शिकवायला निघालो, आणि तिने पगारातून घेतलेली भेट मेजाखाली ढकलली.

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आम्ही मुलांना दरवर्षी शिकवतो, कारण त्यात प्रभूच्या शेवटच्या भोजनाची हकिकत आहे. पण त्याच्या आधीच्या ओळी आम्ही घाईत पुढे ढकलत आलो. करिंथमधले सुस्थितीतले लोक आपापले जेवण आणून खात, आणि ज्यांच्याकडे काही नसे ते उपाशी आणि लाजिरवाणे होऊन बसत. पौल त्यांना कठोर शब्दांत विचारतो की तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ लेखता काय. तिथे वाद कोणता पदार्थ चांगला हा नव्हता. कुणीतरी त्या मेजापाशी लाजले, याचा त्याला राग आला होता.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात एका मुलाकडे पाच भाकरी होत्या, त्या जवाच्या. जव हे त्या काळी गरिबांचे धान्य. ऐपत असलेले गहू खात. प्रभूने त्या तशाच हातात घेतल्या आणि आभार मानले. आणि एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू सरोवराच्या काठी शिष्यांसाठी न्याहारी तयार करतो. निखाऱ्यांवर मासळी आहे, भाकरी आहे, कशाचीही उणीव नाही. तरीही तो त्यांना म्हणतो, तुम्ही आता धरलेले मासेही आणा. त्याला त्या माशांची गरज नव्हती. त्यांच्या हातचे त्याला त्या न्याहारीत हवे होते. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या न्याहारीला आम्ही नेमके उलटे केले.

वेदीवरच्या भाकरीकडे पाहा. ती फक्त गहू आणि पाणी. तिच्यात गूळ नाही, नाचणी नाही, तिची चव कुणाच्या आवडीनुसार नाही. कारखान्याचा मालक असो की रात्रपाळीची कामगार, दोघांना तीच मिळते. त्या मेजावरून उठून दहा पावलांवरच्या दुसऱ्या मेजाला आपण दार लावले, तर पहिल्या मेजावर आपण काय शिकलो?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे. आपल्या स्वयंपाकघरात हवे तेवढे कडक नियम करा. मैदा सोडा, साखर कमी करा, नाचणीचा केक जरूर भाजा. पण तो नियम मंडळीच्या मेजावर आणू नका. धर्मग्रामाच्या कार्यक्रमात पौष्टिक काही हवे असेल, तर ज्यांना वेळ आणि गॅस परवडतो त्यांनी जास्तीचे करून आणावे. दुसऱ्याच्या पुड्यावर बंदी घालू नये. मधुमेह असेल त्याने स्वतः न खाता नम्रपणे वाढावे. आणि पुढच्या वेळी डिमसम खायला जाताना आपल्या पाच जणांच्या नेहमीच्या टोळीत एखादी खुर्ची वाढवावी. ती उपकार म्हणून नसावी. टोपली मध्ये ठेवून वाटून खायचा तो पदार्थच आहे.

त्या आईची आम्ही क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘जाऊ द्या ताई.’ मुलगी मात्र काही बोलली नाही. पुढच्या रविवारी ती वर्गाला आली आणि सर्वांत मागे बसली. पुढे यायला तिला दोन महिने लागले.

यंदाच्या न्याहारीला आम्ही कोणताही नियम केला नाही. नाचणीचा केक होता, खजुराचे लाडू होते, कुणी बेकरीतून खारी आणली होती. ती आई पुन्हा क्रीम बिस्किटांचेच पुडे घेऊन आली. आम्ही ते तिच्यासमोरच फोडले आणि थाळीत केकशेजारी लावले. थाळी घेऊन तिची मुलगी आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘टीचर, तुम्ही पण घ्या.’ आमच्यातल्या मधुमेहवाल्या दोघांनी एक बिस्किट मोडून अर्धे अर्धे घेतले.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू पापी लोकांच्या पंक्तीला बसलास आणि वाढलेले खाल्लेस. आमच्या शरीरांना आरोग्य दे आणि आमच्या मेजांना रुंद कर. ज्यांची भेट आम्ही बाजूला सारली त्यांच्यापाशी जाण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.