ताणावर उतारा हवा तर जवळची टेकडी गाठा

डिसेंबर लागला की सुट्टीच्या दिवशी सिंहगडाच्या घाटात गाड्यांची रांग लागते. भल्या पहाटे उठून निघायचे, धापा टाकत वर पोहोचायचे, पिठलं-भाकरी खायची, फोटो काढायचे आणि वाहतूक कोंडीतून घरी परतायचे. दिवस मजेत जातो, यात शंका नाही. पण आठवड्याचा ताण उतरवायला गेलेला माणूस बऱ्याचदा आणखी दमून येतो. ताणावरचा उपाय म्हणून निसर्गाकडे पाहायचे असेल, तर त्याची मात्रा लहान, संथ आणि वारंवार घ्यायची असते.

जपानच्या वन विभागाने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’ हा शब्द रूढ केला. त्याचा अर्थ वनस्नान. यात पाण्याचा काही संबंध नाही. झाडांमध्ये सावकाश फिरायचे, थांबायचे, बसायचे, वास घ्यायचा, आवाज ऐकायचे, एवढेच. पुढे तिथल्या संशोधकांनी देशातील २४ जंगलांत प्रयोग केले. स्वयंसेवकांना जंगलात आणि शहरात फिरवून व बसवून त्यांची मोजमापे घेतली. जंगलात कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण, नाडीचा वेग आणि रक्तदाब शहरापेक्षा कमी आढळले.

हे निष्कर्ष आश्वासक असले, तरी त्यांवरून चमत्काराचे दावे करू नयेत. जंगलात राहिल्याने प्रतिकारशक्ती वाढते, हे सांगताना ज्या सुरुवातीच्या अभ्यासाचा दाखला दिला जातो, त्यात टोकियोतील अवघे १२ पुरुष होते. शिवाय तिथल्या जंगलांत हिनोकी आणि सुगी यांसारखे सूचिपर्णी वृक्ष आढळतात. सागाच्या किंवा ऐनाच्या रानातली हवा तेच काम करते, असे त्यावरून म्हणता येत नाही. नैराश्य, तीव्र चिंता किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी औषध सोडून टेकडी धरणे तर धोक्याचेच. फिरणे हे उपचाराच्या जोडीला असावे.

सामान्य माणसाच्या कामाचा पुरावा इंग्लंडमधला आहे. सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारित, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचे आणि समाधानी असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. ही दोन तास एकदम घालवली की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. निरोगी माणसेच जास्त फिरत असतील, ही शक्यता अशा पाहणीत उरतेच. तरीही त्यातला व्यवहार्य धडा मोलाचा आहे. महिन्यातून एकदा गाठलेल्या दूरच्या किल्ल्यापेक्षा आठवड्यातून तीनदा गाठलेली जवळची टेकडी बरी.

महाराष्ट्रातला हिवाळा यासाठी अनुकूल आहे. वाटा कोरड्या असतात, ऊन सोसवते, गवत सोनेरी झालेले असते. पाहुणा आलेला थिरथिरा शेपूट थरथरवत दगडावर बसलेला दिसतो. पानगळीमुळे कांडोळाचे पांढुरके खोड उठून दिसते. मात्र वेळ जपून निवडावी. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. त्यामुळे शहरातला धूर आणि धूळ खालीच कोंडतात. पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, ही समजूत म्हणूनच हिवाळ्यातल्या शहरांत खरी ठरत नाही. ऊन तापू लागल्यावर हवा वर-खाली मिसळते. दमेकरी, हृदयरोगी आणि ज्येष्ठांनी नऊ-दहाच्या सुमारास किंवा दुपारी चारनंतर बाहेर पडलेले चांगले. पाठीवर पाण्याची बाटली, पायात पकड असलेले बूट आणि फोन आवाज बंद करून खिशात, एवढी तयारी पुरते. वेग असा ठेवावा की चालताना सहज बोलता येईल. मात्र काही वेळ न बोलताच चालावे. दहा मिनिटे एका जागी बसणे हाही या व्यायामाचाच भाग आहे. स्पीकरवर गाणी लावणारे मात्र स्वतःबरोबर इतरांचाही उतारा वाया घालवतात.

पण हा सल्ला पाळायला टेकडी शिल्लक हवी. पुण्याची वेताळ टेकडी, नाशिकची पांडवलेणी, नागपूरचे अंबाझरी, मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या जागांपर्यंत शहरातल्या शहरात पोहोचता येते. ज्याच्याकडे गाडी नाही, सुट्टी नाही, रिसॉर्टचे पैसे नाहीत, त्याचे वनस्नान इथेच होणार. वेताळ टेकडीवरच्या नियोजित रस्त्याविरुद्ध पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने वाहतूक आणि पर्यावरणाची. त्यात आरोग्याचाही हिशेब मांडायला हवा. टेकडी फोडून वाचलेली प्रवासाची दहा मिनिटे नोंदवली जातात. तिथे रोज चालून हलकी होणारी मने कोणत्याच अहवालात येत नाहीत.

महापालिका दवाखान्यांसाठी तरतूद करते, तशीच टेकड्यांच्या पायवाटा, बसायची बाके, स्वच्छतागृहे आणि महिलांना निर्धास्तपणे फिरता येईल अशी सुरक्षा यांसाठी करावी. तोवर नागरिकांनी एक करावे. पुढच्या रविवारी दूरच्या गडाचा बेत ठरण्याआधी घरापासून सर्वांत जवळची झाडी कोणती, ते शोधावे आणि तिथे सावकाश चालून यावे.