चळी आणि चळ

कन्नडमध्ये थंडीला ‘चळी’ म्हणतात आणि मराठीत डोके फिरले की ‘चळ लागला’ म्हणतात. भाषाशास्त्रात या दोन शब्दांचे नाते असो वा नसो, आजच्या मोटारगाडीत ते पक्के जुळले आहे. पारा शून्याच्या बराच खाली गेला की चांगली शहाणीसुरती गाडी भ्रमिष्टासारखी वागू लागते. किल्लीचे बटण दाबावे तर दार उघडत नाही. उघडलेच, तर समोरच्या फलकावरचे दिवे एकदम पेटतात: ब्रेक बिघडला, स्टिअरिंग बिघडले, आणखी कायकाय बिघडले. पडद्यावरचे आकडे पेंगुळल्यासारखे उमटतात. आणि अर्ध्या तासाने गाडी तापली की यातले बरेचसे आजार आपोआप बरे होतात!

बेळगावात बसून ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आमच्याकडे पारा बारावर आला तरी कानटोप्या निघतात. पण याच गावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि येथून गेलेले जवान लडाखात हिवाळे काढतात. शिवाय ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून हौशी मंडळींना भर हिवाळ्यातही लाहौलची वाट मोकळी झाली आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ नॉर्वे-कॅनडाचा राहिलेला नाही.

मुळात दोष कोणाचा? गाडीसाठी घडवलेल्या चिप्स शून्याखाली ४० अंशांपर्यंत टिकतील अशाच बनवतात. दगा देते ती बहुतेक वेळा बॅटरी. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी म्हणजे शेवटी रसायनांचा कारभार. थंडीत तिच्यातील क्रिया मंदावते आणि ती पुरवू शकेल तो प्रवाह घटतो. नेमके त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला अधिक प्रवाह लागतो. उत्पन्न घटले आणि खर्च वाढला. पुढे काय होणार हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ताळेबंद न मांडताही कळावे. व्होल्टेज कोसळते, गाडीतले लहान लहान संगणक अर्धपोटी राहतात, काही बंद पडून पुन्हा सुरू होतात, आणि शेजाऱ्याचा निरोप आला नाही की प्रत्येक जण आपली तक्रार नोंदवून ठेवतो. तक्रारी दहा, रोग एक.

माझे म्हणणे येथूनच सुरू होते. गाडी दुरुस्तीला गेली की त्या दहा तक्रारी वाचल्या जातात. कारागीर जाणता असेल तर आधी बॅटरी तपासतो; नसेल तर सेन्सर बदलतो, मग दुसरा बदलतो. बिल मात्र मालकाच्या नावाने फाटते. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी लेहकडे ट्रक चालवला आहे. रात्री बॅटरी काढून बुखारीजवळ ठेवायची आणि पहाटे पुन्हा जोडायची, एवढे त्यांना ठाऊक होते. तेवढ्यावर गाडी सुरू होई. आजच्या मालकाला तेवढेही कोणी सांगत नाही.

विजेच्या गाडीचीही तीच कथा, फक्त आकडे मोठे. लिथियमची बॅटरी गोठलेल्या अवस्थेत वेगाने चार्ज करता येत नाही. आधी ती गरम करावी लागते आणि त्यातही वीज जाते. जानेवारी २०२४ च्या कडाक्यात शिकागोच्या चार्जिंग केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि कित्येक तेथेच निकामी उभ्या राहिल्या. अमेरिकेतल्या ‘ए.ए.ए.’ या मोटारचालकांच्या संस्थेने २०१९ मध्ये पाच गाड्या तपासल्या होत्या. शून्याखाली सुमारे ७ अंशांत हीटर चालू ठेवल्यावर त्यांचा पल्ला सरासरी ४१ टक्के घटला. म्हणून विजेची गाडी टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहातल्या जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, आणि तेथे काही उन्हाळा नसतो! पण तेथील मोटार-संघटना दर हिवाळ्यात गाड्या बर्फातून पळवून कोणती किती किलोमीटर गेली हे जाहीर करते. गिऱ्हाईक तो आकडा पाहून गाडी घेते.

आपल्याकडे माझ्या पाहण्यात आलेल्या माहितीपत्रकांत पल्ल्याचा एकच आकडा असतो, ठळक आणि गोंडस. थंडीचा उल्लेख असलाच तर पुस्तिकेच्या पोटात, सौदा झाल्यावर हाती पडणाऱ्या. १९३० च्या माल विक्री कायद्यात ‘ग्राहकाने सावध राहावे’ या तत्त्वाला कलम १६ ने अपवाद घातले आहेत, हे आम्ही वर्गात पाठ करतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर मालाचा दर्जा जाणून घेण्याचा हक्कच दिला आहे. कोणी म्हणेल, लडाखसाठी गाडी घेणारे असे किती? थोडे असतील. पण एक ओळ छापायला किती शाई लागते?

डिझेलच्या बाबतीत हे घडले आहे. साधे डिझेल लडाखच्या थंडीत गोठते, हे मान्य करून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल तेथे आणले आणि तो आकडा उघडपणे सांगितला. तेलाला जे साधले ते गाडीलाही साधेल. शून्याला पल्ला किती, शून्याखाली दहाला किती, बॅटरी किती वर्षांनी तपासावी आणि सगळे दिवे एकदम पेटले तर आधी काय पाहावे, एवढे चार तपशील किमतीच्या शेजारी, तिच्याच आकाराच्या अक्षरांत छापावेत. मराठीत छापा, कन्नडमध्ये छापा. आम्हांला दोन्ही वाचता येतात.