ध्वज अर्ध्यावर कोणी उतरवावा?

एखाद्या लोकमान्य व्यक्तीच्या निधनाची वार्ता आली, की गावोगावच्या शाळांतून आणि कचेऱ्यांतून प्रश्न उपस्थित होतो : ध्वज अर्ध्यावर उतरवावयाचा काय? परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावी अशा वेळी लोक सरपंचांकडे किंवा मुख्याध्यापकांकडे पाहतात. परंतु हा अधिकार त्या दोघांनाही नाही; जिल्हाधिकाऱ्यांनाही तो स्वतःच्या मर्जीने वापरता येत नाही.

२००२ च्या ध्वजसंहितेने पदे ठरवून दिली आहेत. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती व पंतप्रधान यांच्या निधनानंतर देशभर, राज्यपाल वा मुख्यमंत्री यांच्या निधनानंतर त्या राज्यभर, आणि राज्याच्या कॅबिनेट मंत्र्याच्या निधनानंतर केवळ राजधानीत ध्वज अर्ध्यावर येतो. मंत्री परभणीचा असला, तरी वार्ता कळताच ध्वज उतरावयाचा तो मुंबईत. अंत्यविधीच्या गावी तो अंत्यविधीच्या दिवशी उतरेल. शासनाच्या सूचनेवाचून ध्वज अर्ध्यावर ठेवणे हा राष्ट्रध्वजाचा अपमान होय, असे १९७१ च्या कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे, आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

ही कठोरता आम्हास योग्य वाटते. प्रत्येक गावाने आपापल्या पुढाऱ्यासाठी ध्वज उतरवावयाचे ठरविले, तर एका पक्षाचा सरपंच तो उतरवील आणि दुसऱ्या पक्षाचा तो चढवील. गावकीच्या भांडणात ओढण्याची ती वस्तू नव्हे.

मात्र शासनानेही आपला अधिकार कोणत्या कसोटीने वापरावा, हा प्रश्न उरतोच. पदांच्या यादीपलीकडे दुसरी एक वाट आहे. दुखवटा जाहीर झाला, की त्या मुदतीत ध्वज अर्ध्यावर राहतो. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर निवर्तल्या, तेव्हा केंद्राने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी रतन टाटा गेले. दुसऱ्या दिवशी राज्य शासनाने एक दिवसाचा दुखवटा पाळून शासकीय कार्यालयांवरील ध्वज उतरविले. दोघांचीही थोरवी वादातीत. परंतु दोघेही त्या यादीतील कोणत्याही पदावर नव्हते. दुखवट्यास पात्र ‘मान्यवर’ कोण, याची व्याख्या संहितेच्या त्या कलमात नाही. ते त्या त्या वेळचे मंत्रिमंडळ ठरविते.

मराठवाड्यात हा प्रश्न अधिक बोचतो. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तरी परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या सत्तेखाली होता. त्या तेरा महिन्यांत हाच तिरंगा हाती घेण्यासाठी माणसांनी तुरुंग पत्करला. असा वृद्ध सैनिक आपल्या गावी देह ठेवतो, तेव्हा त्याच्या शाळेवरील ध्वज नियमाने शिखरावरच राहतो. मुख्याध्यापकांनी तो आपल्या जबाबदारीवर उतरवावा, असे आम्ही म्हणणार नाही. राज्य शासनाने मात्र अशांच्या बाबतीत काय करावयाचे, हे लेखी ठरवून जाहीर करावे. पदाने मोठ्या माणसांपुरता नियम आणि कर्तृत्वाने मोठ्या माणसांपुरती मर्जी, ही व्यवस्था फार दिवस शोभणारी नाही.

दुखवट्याचा आदेशही गावापर्यंत वेळेवर आणि लेखी पोहोचला पाहिजे. ऐकीव बातमीवर दोरीला हात घालण्याची पाळी कोणावर येऊ नये. आदेश आल्यावर ध्वज प्रथम शिखरापर्यंत चढवून मग अर्ध्यावर आणावयाचा असतो, आणि सायंकाळी उतरविण्यापूर्वी पुन्हा शिखरावर न्यावयाचा असतो. शाळाशाळांतून शिपायाला आणि वरच्या वर्गातील मुलांना हे आधीच शिकवून ठेवावे.