म्हणे हात बसलाय!

मिस्त्री लोकांच्या अर्ध्या बोटांचं कौतुक करणं आता तरी थांबवूया. सांगतो का ते.

परवा शनिवारी दिंडोशी मेट्रो स्टेशनजवळच्या एका गाळ्यात माझं पुस्तकांचं शेल्फ बघायला गेलो होतो. बँडसॉ चालू, वरच्या चाकाचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, आणि मिस्त्रीकाका फिरत्या चाकाजवळ हात घालून पातं सरळ करतायत. म्हटलं, काका, आधी बंद तरी करा! हसले. "तीस वर्षं झाली, हात बसलाय." डाव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे, तिचं काय झालं हे विचारायची हिंमत झाली नाही.

हे हात बसणं वगैरे शुद्ध थाप आहे. पात्याचा जोड सुटतो तेव्हा तो तुमचा अनुभव विचारत नाही. खरं काम अगदी कंटाळवाणं आहे. प्लग काढायचा (नुसतं बटण नव्हे). आधी पात्याला ताण द्यायचा, मग वरचं चाक हाताने फिरवत, त्याचा कल बदलत पातं जागेवर आणायचं, गाइड सगळ्यात शेवटी. बाजूचे गाइड पात्यापासून कागदाच्या जाडीइतके लांब, मागचं बेअरिंग रिकामं चालताना न टेकणारं. गाइड आधी लावलेत तर पुन्हा पहिल्यापासून! झाकणं बंद, मगच करंट. चालताना टिक-टिक ऐकू आलं तर मशीन बंद करून, चाकं पूर्ण थांबल्यावर, जोडाशी किंवा दातांच्या खाचेत तडा आहे का बघायचं. बटण दाबलं तरी चाकं थोडा वेळ फिरतच असतात, हे कुणी लक्षात घेत नाही.

आमच्या ऑफिसात चालू सर्व्हरवरची एक ओळ बदलायला तीन जणांची परवानगी लागते. आणि तिथे फार तर वेबसाइट पडते.

कायदा? १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा सक्तीचा केला. पण मूळ कायद्यात विजेवर चालणारी जागा 'कारखाना' ठरायला दहा कामगार लागत, २०२० च्या संहितेने ते वीस केले. या गाळ्यात माणसं तीन.

शेवटी मालकाशी वाद घातला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, शनिवारीच पाहिजे असं तुम्हीच तीनदा सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. मग म्हटलं, पंधरा दिवसांनी द्या, पण झाकण लावून कापा. त्यावर काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी त्यांच्याच पोटावर पाय देतोय. रोजावर नाहीत ते, नगावर आहेत.